खिद्रापूरचा कोपेश्वर



इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडणारा जिज्ञासू प्रवासी गांवांत शिरला कीं प्रथम तेथील जुन्या चर्चची वाट विचारतो. राजवाडे राजांची हकीकत सांगतात. परंतु गांवानें पिढ्यान् पिढ्या काय जपलें, हें त्या चर्चच्या दगडांवरच वाचावयास मिळतें. हिअरफर्डशायरमधील किलपेक येथील लहानसें चर्च बाराव्या शतकांतलें. त्याच्या दारावरील व वळचणीखालील कोरीव काम पाहण्यास लोक दूरदूरहून येतात. त्याच शतकांत आपल्या कृष्णाकांठीं केवढें काम चाललें होतें, हें मात्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें नसतें. म्हणून आज मी आपणांस खिद्रापुरास नेणार आहें.

कोल्हापुराहून पूर्वेस, नरसोबाची वाडी व कुरुंदवाड मागें टाकून, शिरोळ तालुक्याच्या टोंकास हें गांव लागतें. उसाचे मळे संपतात, घरें लागतात आणि त्यांच्यामागून एकदम काळा पाषाण समोर येतो. देवळापुढें नेहमींचा नंदी नाहीं. दक्षाच्या यज्ञांत सतीनें देह ठेवल्यावर शंकर कोपला व विष्णूनें त्याची समजूत घातली. म्हणून गाभाऱ्यांत कोपेश्वर व धोपेश्वर अशीं दोन लिंगें आहेत. आणि सतीबरोबर गेलेला नंदी कृष्णेपलीकडे यडूरास राहिला, अशी येथील लोककथा आहे.

मुख्य देवळाच्या पुढें स्वर्गमंडप आहे. त्याला एकंदर अठ्ठेचाळीस खांब. त्यांपैकीं बारा खांब मध्यें वर्तुळाकार उभे आहेत आणि त्यांवरील छतास गोल मोकळीक असून तींतून आकाश दिसतें. बरोबर त्याखालीं, जमिनींत, तेवढीच गोल शिळा बसविलेली आहे.

मी शिक्षक असतांना एकदां मुलांना घेऊन येथें आलों होतों. एका मुलानें वर पाहून विचारलें, “गुरुजी, छप्पर कुणीं नेलें?” मीं तत्काळ उत्तर दिलें कीं, होमाचा धूर जावा म्हणून तें मुद्दाम मोकळें ठेविलेलें आहे. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. पुढें चालुक्यांचीं व होयसळांचीं देवळें पाहण्यांत आलीं, तेव्हां ध्यानांत आलें कीं अशी गोल शिळा छत पूर्ण असलेल्या मंडपांतही असते. अशा छतांत दगडांचीं वर्तुळें एकावर एक, आंत सरकत जातात व शेवटीं मधला दगड बसतो. तेव्हां येथें काम अपुरें राहिलें असेल, हाही पक्ष तितकाच संभवनीय आहे. मुलाचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षां शहाणा होता! “ठाऊक नाहीं, आपण शोधूं,” एवढें म्हणावयास हवें होतें, हें मला आजही बोंचतें.

काम अपुरें राहण्यास कारणही घडलें होतें. हें देऊळ शिलाहारांच्या राजवटींत उभें राहिलें. तेराव्या शतकाच्या आरंभीं देवगिरीच्या यादव सिंघणानें शिलाहार राजा दुसरा भोज याचा पाडाव केला आणि कोल्हापूरचें तें राज्य संपलें. पराभूत घराण्याच्या देवळाचें आतां काय होणार? याचें उत्तर देवळाच्या दक्षिण दाराजवळील संस्कृत शिलालेखांत आहे. शके ११३६, म्हणजे इ. स. १२१३ मध्यें, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळीं सिंघणानें मिरज प्रांतांतील एक गांव कोपेश्वरास दान दिलें. ज्यानें राज्य जिंकलें, त्यानेंच देवाच्या पूजेची तरतूद केली. राज्य बदललें, पण दिवा विझला नाहीं.

या मुलखाची ती वृत्ति जुनीच होती. भोजाचा आजा गंडरादित्य यानें मिरज प्रांतांत गंडसमुद्र नांवाचा तलाव खोदविला व त्याच्या कांठीं शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांचीं देवालयें स्थापिलीं. खिद्रापुरांतही कोपेश्वरापासून जवळच जुनें जैन मंदिर उभें आहे.

आज कोपेश्वराच्या पायथ्याशीं रांगेनें उभ्या असलेल्या हत्तींपैकीं कित्येक भग्न आहेत. शिखराचें विटाचुन्याचें काम मागाहूनचें आहे. २००५, २०१९ व २०२१ सालीं महापुरानें शिरोळ तालुक्याची दैना केली, ती आपण सर्वांनीं पाहिली. कृष्णेच्या शेजारीं देऊळ आठशें वर्षें टिकतें, तें केवळ दगडाच्या बळावर नव्हे. कोणी दान दिलें, कोणी पडलेलें पुनः रचलें, कोणी रोज झाडलोट केली. बांधणाऱ्या राजांचीं नांवें आपणांस थोडींबहुत ठाऊक आहेत. राखणाऱ्यांचीं मुळींच नाहींत.

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्रीं स्वर्गमंडपांतून चंद्र पाहण्यास हल्लीं पुष्कळ लोक जातात. अवश्य जावें. परंतु एकदां दिवसाउजेडीं, मुलांना बरोबर घेऊन जा. शिलालेखापाशीं थांबा, हत्तींवरून हात न फिरवितां ते नीट पाहा, खांबावर नांव कोरणारा दिसला तर त्यास अडवा. आणि मुलानें वर बोट दाखवून विचारलें, तर उत्तर देण्याची घाई करूं नका.