मोडीचा जाणकार आणि ब्राउझर

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या दप्तरातले कितीतरी कागद मात्र मोडी लिपीतले: आधी आडवी रेघ, मग बोरू शक्यतो न उचलता तिला लटकवलेली अक्षरं.

घरात वतनाचा जुना कागद निघाला की आजही मोडीचा जाणकार गाठावा लागतो. तो लिप्यंतर करून देतो आणि ओघात घरातली भाऊबंदकीही वाचतो!

ब्राउझरमध्येही हाच पेच: मजकूर समजून घ्यायचा, तर तो परक्याला दाखवावा लागतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली. क्रोममध्ये भाषांतराचं बटण दाबलं की पानावरचा मजकूर गूगलच्या सर्व्हरकडे जातो. सप्टेंबर २०२३मध्ये फायरफॉक्स ११८नं वेगळी वाट धरली. भाषेचं मॉडेल एकदा डाउनलोड करायचं, पुढचं भाषांतर आपल्याच संगणकावर. बँकेचं किंवा दवाखान्याचं पान उघडलं असेल, तर हा फरक लहान नाही.