भरदार बांधा, सडपातळ बांधा आणि पोटाचा घेर

गणपतीला मुंबईचे चाकरमानी कणकवलीत उतरले की घराच्या पायरीवरच पहिला शेरा ऐकू येतो: "काय गो, सुकलंस कित्याक?" नाहीतर, "बरीच सुटलंस गो!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण पुढच्या आठवड्यात अशाच शेऱ्यामुळे एखादी आई आपल्या विशी-बाविशीच्या मुलीला दवाखान्यात घेऊन येते. "डॉक्टर, हिचे वजन कमी करा, पुढच्या वर्षी लग्नाचे बघायचे आहे." मुलीचे नितंब आणि मांड्या भरलेल्या असतात, कंबर त्या मानाने बारीक असते. तिचा रक्तदाब ठीक असतो, साखर ठीक असते. मग मी सोबत आलेल्या आईकडे बघतो. हात-पाय काटकुळे, गाल बसलेले, पण साडीच्या निऱ्यांवर पोट पुढे आलेले. तिची साखर तपासली की पुष्कळदा ती वाढलेली निघते. गेली कितीतरी वर्षे "मी काय जाड आहे का?" म्हणून तिने कधी तपासलेलीच नसते.

शरीराचा आकार आरोग्याबद्दल काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते या लेखात पाहू.

'कर्वी' म्हणजे नेमके काय?

हा वैद्यकीय शब्द नाही. कपड्यांच्या ऑनलाइन दुकानांनी तो मोठ्या मापासाठी सर्रास वापरायला सुरुवात केली, त्यामुळे 'कर्वी' म्हणजे 'जाड' असा गैरसमज झाला. मूळ अर्थ वळणदार बांधा एवढाच: छाती आणि नितंब भरदार, मधली कंबर त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे कमी. सडपातळ बाईही कर्वी असू शकते आणि वजनदार बाई नसूही शकते. आपल्याकडे याला 'भरल्या अंगाची' असा जुना, चांगला शब्द आहेच.

हा बांधा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: आनुवंशिकता आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक. मुलगी वयात येताना इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या आणि नितंबांवर साठू लागते. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याच्या काळासाठी ती शरीराची शिल्लक असते. तो आजार नाही, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीचे अंग भरू लागले म्हणून तिचे जेवण तोडणे ही मोठी चूक आहे. त्या वयात पाळी सुरू होत असते, उंची वाढत असते आणि लोहाची गरज जास्त असते. उपाशी ठेवलेल्या मुलीचे वजन थोडे उतरेल, पण हिमोग्लोबिनही उतरेल.

चरबी किती यापेक्षा कुठे

मार्सेयचे फ्रेंच डॉक्टर जाँ व्हाग यांनी 1947 मध्ये लिहिले की लठ्ठपणाचे सगळे परिणाम सारखे नसतात. पोटाभोवती चरबी असलेल्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त होतात, मांड्या-नितंबांवर चरबी असलेल्यांना कमी. पुढच्या संशोधनाने त्याचे कारण दाखवले.

मांडीवरची चरबी कातडीखाली असते आणि चिमटीत पकडता येते. ती चरबी धरून ठेवते, सहजासहजी रक्तात सोडत नाही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी वेगळी. ती सतत चरबीयुक्त आम्ले सोडत राहते आणि आतड्यांकडचे रक्त थेट यकृताकडे जात असल्याने ती आधी यकृतावर पोहोचतात. यकृतात चरबी साठते (सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' लिहिलेले तुम्ही पाहिले असेल), इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. ही चरबी चिमटीत येत नाही. म्हणून पोट घट्ट, टणक लागले तरी "ते मजबूत आहे" असे समजू नका.

समजा, दोघी जावा आहेत, दोघींची उंची 158 सेंमी. थोरलीचे वजन 66 किलो, कंबर 79 सेंमी, नितंबांचा घेर 108. धाकटीचे वजन 55 किलो, कंबर 87 आणि नितंब 94. घरात बोलणी थोरलीला बसतात. उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, थोरलीचा 26.4 आणि धाकटीचा 22 येतो. त्यावरही धाकटीच पास होते. पण कंबरेला नितंबांच्या घेराने भागले तर थोरलीचे उत्तर 0.73 आणि धाकटीचे 0.93 येते. स्त्रियांसाठी 0.85 आणि पुरुषांसाठी 0.90 ही धोक्याची रेषा मानतात. रक्ततपासणीची घाई धाकटीला आहे.

थोरलीला पूर्ण माफी मिळाली असे मात्र नाही. भारतीयांमध्ये बीएमआय 23 च्या वर वजन जास्त आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. तिच्या गुडघ्यांना ते वजन उचलावे लागतेच, आणि पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी झाले की चरबीची जागा पोटाकडे सरकू लागते. तिशीतला बांधा पन्नाशीत तसाच राहील असे गृहीत धरू नये.

आपल्याकडे बारीक माणसांना मधुमेह का होतो?

याचे सर्वात गाजलेले उत्तर पुण्यातून आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. सारखा काटा, सारखी उंची-वजनाची गोळाबेरीज, आणि चरबी दुपटीहून जास्त.

त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खूपच लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' ही आपली ठेवण जन्मापासूनचीच. कमी वजनाचे जन्मलेले मूल पुढे झपाट्याने गुटगुटीत करण्याचा आजीचा आग्रह म्हणूनच थोडा आवरायला हवा. बाळसे हवे, पण उंचीच्या प्रमाणात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसते. 15 ते 49 वयोगटातील साधारण 24 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुषांचा बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त होता. कंबर-नितंब गुणोत्तर मात्र 57 टक्के स्त्रिया आणि 48 टक्के पुरुषांचे धोक्याच्या रेषेवर किंवा पलीकडे होते.

कंबर कशी मोजावी?

शिंप्याची टेप पुरते. पण शिंप्याचे माप नको, आणि पँटचा नंबर तर मुळीच नको. पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात. घेर 40 इंच झाला तरी "माझा नंबर अजून 34च" असे अभिमानाने सांगतात. बायकांचे वेगळेच. परकराची नाडी आणि गाऊन दोन्ही पोटाबरोबर सैल होत जातात, त्यामुळे पोट वाढल्याचे कपडे कधी सांगतच नाहीत.

सकाळी जेवणाआधी सरळ उभे राहा. बाजूला हात लावून शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी ठेवा. ती मागे घसरलेली नाही ना, हे दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका (सगळेच ओढतात). नितंबांचे माप सर्वात रुंद जागी घ्या. गरोदरपणात ही मापे लागू नाहीत.

स्त्रीची कंबर 80 सेंमीपेक्षा आणि पुरुषाची 90 सेंमीपेक्षा जास्त असेल तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आकडे लक्षात राहत नसतील तर सोपा नियम: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

तुमच्या वाडीतल्या आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' नावाचा फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या मापाला गुण आहेत. त्या टेप घेऊन आल्या की लाजून "लिहा तुम्हीच काहीतरी" म्हणू नका. फॉर्ममध्ये गुण 4 पेक्षा जास्त झाले तर तपासणीत तुम्हाला आधी बोलावतात.

आकार बदलला की कधी दाखवावे?

काही बदल बांध्याचे नसतात, आजाराचे असतात. मानेमागे आणि काखेत मखमलीसारखा काळा पट्टा आला, तर तो मळ नव्हे. घासून जाणार नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. पाळी दोन-तीन महिने चुकते, हनुवटीवर राठ केस येतात आणि पोट सुटते, तर पीसीओएस तपासा. चेहरा गोल, मानेमागे उंचवटा, पोटावर जांभळे पट्टे आणि हात-पाय बारीक झाले, तर आधी घरातली औषधे घेऊन या. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा 'लग्नाआधी अंग भरायला' घेतलेल्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड असू शकते. ते घेत असाल तर अचानक स्वतःहून बंदही करू नका. ते धोक्याचे आहे.

दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखे जाड, दाबले की दुखतात, सहज काळे-निळे होतात, पण पावले मात्र बारीक, याला लिपिडिमा म्हणतात. तो जवळजवळ फक्त स्त्रियांना होतो आणि उपाशी राहून उतरत नाही. हत्तीरोगात उलट पाऊलही सुजते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आणि हात-पाय वाळत असताना पोट काही आठवड्यांत वाढले, तर ती चरबी नाही. पोटात पाणी किंवा गाठ असू शकते, सोनोग्राफी लांबवू नका.

काय बदलते, काय नाही

नितंबांची रुंदी हाडांची आणि आनुवंशिक. ती कुठल्याच डाएटने जात नाही. पोटाचे पट्टे किंवा फक्त पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जळते असेही नाही. चांगली बातमी अशी, की एकूण वजन उतरू लागले की पोटाच्या आतली चरबी लवकर कमी होते. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते 5 ते 7 टक्के उतरवले तरी साखर सुधारते. 70 किलोच्या माणसासाठी हे चार-पाच किलो झाले.

आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, हे दोन्ही लागते. धाकटीसारख्या बारीक माणसाला तर दुसरे जास्त लागते, कारण तिच्याकडे चरबीपेक्षा स्नायूंची टंचाई मोठी आहे. ताटात भाताचा डोंगर अर्धा करा आणि त्या जागी कुळीथ, अंडी, भाजी किंवा सारातला मासा येऊ द्या. तळलेली तुकडी रोज नको. दारू मोजताना चकणाही मोजा.

महिन्यातून एकदा कंबर मोजून कॅलेंडरवर लिहा. काटा हलला नाही पण कंबर दोन सेंमी उतरली, तर उपाय चालू ठेवा आणि पुढच्या भेटीला ते कॅलेंडर घेऊन या. सोबत आलेल्यांचीही कंबर आम्ही मोजतो.