थेलोनिअस मंक आणि हिरावलेला परवाना

आपत्ति ही प्रतिभेची दाई होय, हें मत चरित्रकारांना फार प्रिय असतें. नायकाच्या दारिद्र्याचे व उपेक्षेचे दिवस वर्णितांना त्यांची लेखणी विशेष रंगते. आणि त्या दिवसांचें फळ गोड लागलें कीं, ते दिवस आणणारांचा अपराधही हळूहळू विसरला जातो. अमेरिकेंतील जॅझ संगीताचा पियानोवादक व रचनाकार थेलोनिअस मंक याच्या चरित्रावर हें मत घांसून पाहण्यासारखें आहे.

मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजीं नॉर्थ कॅरोलायनांतील रॉकी माउंट या गांवीं झाला. १९२२ सालीं त्याचें कुटुंब न्यूयॉर्कला आलें व तेथेंच तो वाढला. १९४० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींतील मिंटन्स प्लेहाउस नांवाच्या क्लबांत तो पियानो वाजवीत असे. डिझी गिलेस्पी, केनी क्लार्क प्रभृति तरुण वादक तेथें जमत, आणि नाचाच्या साथीपुरतें असलेलें जॅझ त्यांच्या हातीं एकाग्रतेनें ऐकण्याचें संगीत बनूं लागलें. परंतु सोबत्यांहून मंकची पद्धति निराळी होती. ते स्वरांचा पाऊस पाडीत, तर हा जागा मोकळ्या सोडी. लगतचे दोन स्वर तो एकदम दाबी. जेथें आघात यावयाचा तेथें क्षणभर थांबून तो पुढें आणी. समेला हुलकावणी देणाऱ्या गवयाची गंमत ज्यांना कळते, त्यांना हें रसायन परकें वाटूं नये. तथापि याला वाजवितांच येत नाहीं, असें म्हणणारे टीकाकार त्या काळीं पुष्कळ होते. ‘राउंड मिडनाइट’ ही त्याची रचना कूटी विल्यम्सच्या वाद्यवृंदानें १९४४ सालींच ध्वनिमुद्रित केली. पण स्वतःच्या नेतृत्वाखालीं ध्वनिमुद्रण करण्याची संधि त्याला १९४७ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं मिळाली.

ऑगस्ट १९५१ मध्यें तो बड पॉवेल या आपल्या मित्राबरोबर मोटारींत असतां पोलिसांनीं झडती घेतली व मादक द्रव्य सांपडलें. तें पॉवेलचें असावें, असें सामान्यतः मानलें जातें. मित्राविरुद्ध साक्ष देण्याचें मंकनें नाकारलें. परिणामीं त्याचा परवाना गेला. १९४० पासून १९६७ पर्यंत न्यूयॉर्कमध्यें असा नियम होता कीं, जेथें मद्य विकलें जातें अशा क्लबांत वाजवावयाचें तर पोलिसांचा परवाना जवळ हवा. जॅझची उपजीविका बहुतेक अशाच ठिकाणीं चाले. म्हणजे त्या एका कागदाबरोबर स्वतःच्या शहरांतील व्यासपीठ सुमारें सहा वर्षें त्याला बंद झालें.

या सहा वर्षांत त्यानें ध्वनिमुद्रणें केलीं, बाहेरगांवीं वाजविलें, १९५४ सालीं पॅरिसलाही तो गेला. अनेक उत्तम रचना याच काळांतील आहेत. मग आपत्तीनें त्याचें कल्याणच केलें म्हणावें काय? येथें जॅझचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. या संगीतांत रचनाकार सांगाडा देतो. मांस व रक्त रोजच्या रोज त्याच सोबत्यांबरोबर वाजवूनच भरावें लागतें. १९५६ च्या अखेरीस ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ या रचनेचें ध्वनिमुद्रण झालें. सॉनी रॉलिन्स व मॅक्स रोच यांसारखे समर्थ वादक असूनही पंचवीस प्रयत्नांत ती एकदांही सलग पार पडली नाहीं. शेवटीं तुकडे जोडून ती सिद्ध करावी लागली. ती मुळांत बिकट आहे हें खरें. परंतु अशी रचना आधीं क्लबांत रात्रीमागून रात्र घोटून घेण्याची सोयच तिच्या कर्त्याला नव्हती, हेंही तितकेंच खरें.

१९५७ सालीं परवाना परत मिळाला. त्या उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत मंक फाइव्ह स्पॉट या क्लबांत वाजवीत राहिला. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला कार्नेगी हॉलमध्यें दोघांनीं केलेल्या वादनाची फीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें पडून होती. ती २००५ सालीं सांपडली व प्रसिद्ध झाली. तींत मंकच्या अवघड रचना जणूं घरांत वावरावें तशा सहजतेनें चालतात. कोल्ट्रेन त्याच्या मोकळ्या जागा ओळखतो, आणि मंकही त्याला पुढें करून आपण मागें राहतो. कांहीं महिन्यांच्या नित्य सहवासानें जें साधलें, तें सहा वर्षांत किती साधलें असतें, याचा हिशेब आतां कोण करणार?

पुढें कीर्ति आली. १९६२ सालीं कोलंबिया कंपनीशीं करार झाला. १९६४ सालीं ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. परंतु प्रकृति व मन दोन्ही खचत गेलीं. १९७६ नंतर त्यानें जाहीर वादन केलें नाहीं, आणि १७ फेब्रुवारी १९८२ रोजीं तो निवर्तला. सुमारें सत्तर रचना मागें राहिल्या. त्यांतील कित्येक आज जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाला शिकाव्या लागतात. २००६ सालीं पुलित्झर मंडळानेंही त्याचा मरणोत्तर गौरव केला.

या सर्व यशाचें श्रेय आपत्तीला देणें म्हणजे परवाना काढून घेणाऱ्या हाताला देणें होय. मंकनें जें मिळविलें तें त्या हाताला न जुमानतां मिळविलें. मित्राविरुद्ध बोलावयाचें नाहीं आणि आपली चाल लोकांसाठीं बदलावयाची नाहीं, हे दोन हट्ट त्याच्या ठिकाणीं एकाच मुळापासून फुटलेले दिसतात. त्यांची किंमत त्यानें स्वतः भरली. मरणानंतर चोवीस वर्षांनीं सन्मान देतां आला; न वाजविलेल्या रात्री मात्र कोणालाच परत देतां आल्या नाहींत.