हातांची नोंद

हाताचे काम टिपून ठेवावे आणि यंत्राकडून ते पुन्हा करवावे, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सात जाकारने 1804 साली छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी उतरविली. मागाचे दोर ओढणारा पोऱ्या त्यामुळे अनावश्यक ठरला.

लिनक्सच्या पडद्यावर तेच चालते. कळ दाबली, सोडली, माउस अमुक जागी नेला, टिचकी मारली, हे सारे वेळेसह टिपले जाते आणि मागाहून वठविले जाते. याचे मूळ 1984 साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत निघालेल्या 'एक्स' व्यवस्थेत आहे. 1991 साली जन्मलेल्या लिनक्सने ती आपलीशी केली. तिला पुढे 'रेकॉर्ड' आणि 'एक्सटेस्ट' अशा दोन पुरवण्या जोडल्या गेल्या. पहिलीने खरी कळ टिपता येते, दुसरीने खोटी दाबता येते.

मौज अशी की, टिपली जाते ती कळ, अक्षर नव्हे. इन्स्क्रिप्ट पद्धतीने 'अकोला' लिहून ती नोंद ठेवा. मग इंग्रजी पाटी लावून चालवा. पडद्यावर डी, के, ए, एन, ई उमटेल. अकोला कोठेच नाही! खिडकी चार बोटे सरकली तरी टिचकी भलत्याच ठिकाणी पडते.

आम्हां संघटनेच्या माणसांस मात्र वेगळाच प्रश्न पडतो: ही नोंद कोणाच्या हाती? वऱ्हाडचा कापूस घेणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांत 1928 साली सहा महिने संप चालला. त्यामागे इतर कारणांबरोबर दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्तीही होती. हात किती चालतो हे मोजणाराच हाताला काम नेमून देतो, हे कामगारांनी तेव्हाच ओळखले होते.

एक्समध्ये एका कार्यक्रमाला दुसऱ्याच्या कळा सहज वाचता येत. थकलेल्या कारकुनाला त्याच सोयीने विसावा मिळे, आणि त्याचा परवलीचा शब्दही त्याच वाटेने चोरला जाई. 2008 साली सुरू झालेल्या 'वेलँड'ने ती वाट बंद केली. 2016 साली फेडोराने आपल्या मुख्य पडद्यासाठी तिचा स्वीकार केला. आता तेथे खोटी कळ दाबायची तर पडद्यावर परवानगी मागावी लागते, नाहीतर थेट गाभ्यातील 'यूइनपुट'कडे जावे लागते. त्याची किल्ली सहसा कारकुनाकडे नसते. ती संगणकाच्या व्यवस्थापकाकडे असते.