पत्र्याच्या शेडमधला उकाडा: कूलर घेण्याआधी छप्पर बघा

एप्रिल उजाडला की अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभे राहणे कठीण होते. कुणाचे तिथे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज असते, कुणाचे वेल्डिंगचे किंवा सुतारकामाचे वर्कशॉप. पारा 44 अंशांवर गेला की पहिला विचार मोठ्या पंख्याचा येतो, दुसरा कूलरचा. खरे तर दोन्हींचा नंबर छपरानंतर लागतो.

पत्रा पातळ असतो. भर उन्हात तो सहज 60 अंशांच्या पुढे तापतो आणि खाली काम करणाऱ्याच्या डोक्याखांद्यावर उष्णता फेकत राहतो. भट्टीसमोर वारा नसतानाही चेहऱ्याला झळ लागते, तसाच हा प्रकार. ही झळ पंखा अडवू शकत नाही. उलट हवाच 40 अंशांच्या वर गेली असेल तर पंख्याने शरीर आणखी तापते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून ऊन पत्र्यावर पडण्याआधीच अडवलेले बरे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छपराच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणणे. मधली फट महत्त्वाची आहे. जाळी पत्र्याला चिकटवून टाकली तर तिची उष्णता खाली उतरतेच. गावाकडे पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्या टाकतात. त्यानेही फरक पडतो, पण जिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे वाळलेला काडीकचरा नको. हीच गोष्ट थर्माकोलच्या फॉल्स सीलिंगची. ते गारवा देते, पण पेट लवकर घेते.

दुसरा उपाय पांढऱ्या रंगाचा. स्लॅबवर चुना चालतो; पत्र्यावरून मात्र त्याचे पापुद्रे सुटतात, तिथे उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंगच घ्यावा. अहमदाबाद महापालिकेने 2010 च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले. पांढऱ्या छपरावर धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात अधूनमधून झाडू मारावा लागतो. पत्र्यावर पाणी मारल्याने लगेच थंड वाटते, पण मे महिन्यात विदर्भात एवढे पाणी आणायचे कुठून?

शटर पश्चिमेला असेल तर दुपारनंतर तेही दुसरे छप्परच होते. त्याच्यापुढे ताडपत्री किंवा ताट्या लावून सावली करावी.

एवढे झाले की कूलर. विदर्भातली कोरडी हवा त्याला मानवते. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या ताट्यांमधून येणारी हवा साधारण 28 ते 30 अंशांची असते. मुंबई-कोकणात तोच कूलर चार-पाच अंशांच्या पुढे जात नाही, कारण तिथल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही. कूलर खिडकीबाहेर ठेवून समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट ठेवावी. सगळे बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात आत चिकचिक होते. ओल्या हवेने लोखंडी हत्यारांना गंज चढतो, स्प्रे पेंटिंगचा रंगही पांढुरका पडतो. गॅस-वेल्डिंग मशीनवर कूलरचा झोत थेट आला तर जोडावरचे गॅसचे आवरण उडून वेल्ड कच्ची राहते.

कूलरला अर्थिंग आणि वायरिंगला 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. ओली फरशी, लोखंडी पत्र्याची टाकी आणि अनवाणी माणूस यांचा मेळ जीव घेतो. पाणी भरताना प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. गारव्यासाठी दारे लावून आत इंजिन चालू ठेवणे तितकेच धोक्याचे: धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इतके करूनही दुपारी बारा ते चार जड काम टाळणे हाच हुकमी उपाय. त्यासाठी सकाळी सहाला शटर उघडावे लागते, आणि गिऱ्हाईकालाही तसे आधी सांगावे लागते. काम करणारा पोरगा बरळू लागला, गोंधळला किंवा अंग तापून कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच 108 ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.