‘बेग’ : एका क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग

इंग्रजी ‘बेग’ या क्रियापदाचा अर्थ कोशात सहज सापडतो: भीक मागणे, याचना करणे. अडचण आहे ती उपयोगाची. इंग्रजी अमदानीत कचेरीतले पत्र पुष्कळदा ‘आय बेग टु स्टेट’ अशा शब्दांनी सुरू होई. तेथे कोणी भीक मागत नसे. ‘नम्रपणे कळवितो’ एवढाच त्याचा आशय. ‘टु’सह सांगण्याचे किंवा कळविण्याचे क्रियापद पुढे आले की ‘बेग’च्या खांद्यावरची झोळी गळून पडते आणि केवळ शिष्टाचार उरतो.

मोल्सवर्थने आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने पुरा केला व तो १८४७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. कोशाने अर्थ दिले. कोणी कोणास काय म्हणावे, हे मात्र कचेरीतच शिकावे लागले. मराठी पत्रलेखनाला नम्रता नवी नव्हती. ‘विनंती’, ‘विज्ञापना’ हे पेशवाईतील पत्रांचे नित्याचे शब्द. पण भिक्षा आणि भीक यांत आपण भेद करीत आलो आहोत. मुंजीतल्या बटूची भिक्षा हा संस्कार, दारोदारची भीक ही लाचारी. ‘बेग’ने या साऱ्या छटा एकाच शब्दात सामावल्या.

पनवेल तालुक्यातील शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. १८७९ च्या त्यांच्या बंडामागे दुष्काळासारखी मोठी कारणेही होती, हे विसरता येत नाही. तरी अर्जाच्या भाषेची मर्यादा या प्रसंगात आम्हांस स्पष्ट दिसते. ‘बेग’ हा शिष्टाचार राहतो तो बरोबरीच्या माणसांत. देणे न देणे एकाच्याच मर्जीवर असले की कोशातला पहिला अर्थ परत येतो. फडके १८८३ साली एडनच्या बंदिवासात वारले.

पुढे जहालांनी मवाळांच्या अर्जविनंत्यांना राजकीय भिक्षावृत्ती म्हटले, तेव्हा त्यांनी हाच पहिला अर्थ उघड केला. आज वर्गात ‘आय बेग टु स्टेट’ जुनाट म्हणून आपण खोडतो, ते योग्यच आहे. मात्र खोडताना हा इतिहासही सांगावा. क्रियापदाचा कर्ता कोण, हे व्याकरण सांगते. त्याच्यासमोर कोण बसले आहे, हे इतिहासालाच विचारावे लागते.