मनोरमाबाईंचें निधन व मुक्तीचें बायबल

सोलापुराहून रायचुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या सरहद्दीलगत, दुधनी हें स्टेशन लागतें. त्याच्या पुढें गाणगापूर रोड व नंतर गुलबर्गा. पंडिता रमाबाईंनीं 1912 च्या सुमारास तत्कालीन निजामाच्या मुलुखांतील गुलबर्ग्यास शाळा काढली. तेव्हांपासून पुणें जिल्ह्यांतील केडगांवचें मुक्तिसदन व गुलबर्गा यांचें दळणवळण याच रुळांवरून होऊं लागलें. केडगांवाहून आगगाडीनें निघालेल्या माणसास दुधनी ओलांडल्यावांचून गुलबर्गा गांठतां येत नसे. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे बाईंच्या एकुलत्या एक कन्या मनोरमाबाई. आईच्या मागें सर्व संस्थेचा भार त्यांनींच वाहावयाचा, अशी योजना होती.

ती योजना 24 जुलै 1921 रोजीं संपली. मनोरमाबाई वयाच्या चाळिसाव्या वर्षीं निवर्तल्या. आई त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांची होती.

रमाबाईंच्या चरित्रांत मरण हें कांहीं नवें नव्हतें. दुष्काळांत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व वडील बहीण अशीं तिघें गेलीं. आईची तिरडी वाहण्यास पुरेशीं माणसें मिळालीं नाहींत व स्वतःचा खांदा उंचीला पुरेना, म्हणून आपल्या वांट्याचा भार डोक्यावर घेतल्याचें बाईंनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. 1880 सालीं बंधु श्रीनिवासशास्त्री वारले. 4 फेब्रुवारी 1882 रोजीं पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें गेले, तेव्हां मनोरमा वर्षाचीहि झाली नव्हती. यानंतर दीड वर्षानें, 29 सप्टेंबर 1883 रोजीं, इंग्लंडांतील वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. हीं पहिलीं मरणें, म्हणजे, ख्रिस्ती श्रद्धेच्या आधींचीं आहेत. कन्येचें मरण हें त्या श्रद्धेची खरी कसोटी पाहणारें होतें.

ख्रिस्ती चरित्रकारांस अशा प्रसंगीं शोकच झाला नाहीं असें सुचविण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो बाईंवर अन्याय आहे, व शास्त्रालाहि धरून नाहीं. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत पौल मृतांविषयीं दुःख करूं नका असें म्हणत नाहीं. ज्यांस आशा नाहीं त्यांच्यासारखें करूं नका, एवढेंच म्हणतो. आशेचा आधार पुनरुत्थान, म्हणजे पुन्हां भेट. आतां ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हें वाक्य बाईंनीं केवळ वाचलें नव्हतें; त्याचा एकेक शब्द तोलून तें मराठींत आणिलें होतें. त्यांच्या भाषांतराचा नवा करार कन्येच्या मृत्यूच्या कित्येक वर्षें आधींच छापून झाला होता. मूळ ग्रीक व हिब्रू भाषा त्यांनीं याच कामासाठीं प्रौढ वयांत अभ्यासिल्या. मराठी मात्र अशी घेतली कीं खेड्यांतील अल्पशिक्षित बाईसहि अर्थ लागावा. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियाच करीत.

मनोरमाबाई गेल्या तेव्हां हें काम शेवटास गेलें नव्हतें. उरलेले आठ महिने बारा दिवस बाईंनीं त्यांत घालविले. प्रकृति ढांसळली असतां त्यांनीं देवाजवळ दहा दिवसांची मुदत मागितली, त्या दहा दिवसांत शेवटचीं मुद्रितें तपासलीं, व मुदत भरतांच 5 एप्रिल 1922 रोजीं देह ठेविला, अशी कथा मुक्तींत व बाहेर सांगतात. दहा या आंकड्यावर आम्ही भर देऊं इच्छीत नाहीं. भक्तांच्या कथांतून आंकडे फार नेटके येतात. परंतु कन्या गेल्यावरहि काम थांबलें नाहीं, यास आंकड्याची साक्ष लागत नाहीं. संपूर्ण बायबल 1924 सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें.

याच काळांतील दुसरें उदाहरण वाचकांच्या परिचयाचें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजीं मुंबईस वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. लक्ष्मीबाईंनीं त्यांस 64 अध्याय जोडून तें पुरें केलें. पतीचा ग्रंथ पत्नीनें सिद्धीस न्यावा हें आमच्या वाङ्मयांत विरळाच. दोन्ही प्रकरणीं शोकाचें स्वतंत्र काव्य शोधूं जाल तर निराश व्हाल. तो शोक दुसऱ्याच ग्रंथाच्या पानांत मुरला आहे. लक्ष्मीबाईंनीं निदान ‘स्मृतिचित्रें’ तरी मागें ठेविलीं; रमाबाईंस तेवढी उसंत मिळाली नाहीं.

आमचे संग्राहक मित्र बखरी व सनदा जपतात, पण छापखान्यांतील दुरुस्तीचा कागद रद्दींत घालतात. 1921 च्या जुलैनंतरचें, बाईंच्या हातच्या खुणा असलेलें मुक्तीचें एखादें मुद्रित सोलापूर, अक्कलकोट वा गुलबर्गा भागांत कोणाच्या पेटींत निघालें, तर त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी. कोणता शब्द खोडला, त्याजागीं कोणता घातला, आणि कोणत्या तारखेस, एवढें कळलें तरी पुष्कळ आहे.